उजव्या अनामिकेचा मधला सांधा: नऊ महिने झाले, मूठ पुरी वळत नाही. आता पुढे काय?

भोसरीकर_फिटर

नमस्कार मंडळी. वय ४४, भोसरी एमआयडीसीत टूलरूमला आहे. होळीच्या आधी कंपनीची टूर्नामेंट होती, मोशीच्या एका टर्फवर. कॅच घेताना बॉल थेट उजव्या अनामिकेच्या टोकावर आला आणि बोट मधल्या सांध्यातून निसटून हाताच्या पाठीकडे चढलं. शेजारच्या फील्डरने काही न विचारता धरून ओढलं. टक् आवाज झाला, बोट जागेवर. मॅच पुढे चालू. हरलो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. सांधा बसलेला होता, पण तळव्याच्या बाजूने हाडाची बारीक कपची निघाली होती. निळ्या फोमची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून बोट सरळ बांधलं. महिन्याने पट्टी काढली आणि "आता हलवत राहा" एवढं सांगून घरी पाठवलं. किती हलवायचं, कसं हलवायचं, दुखलं तर थांबायचं की नाही, काही नाही. बाहेर पन्नास पेशंट बसले होते, त्यामुळे मीही फार विचारलं नाही.

आता सद्यस्थिती. मोजमाप हाच माझा धंदा, म्हणून आकडेच देतो. सांध्याची रुंदी व्हर्नियरने उजवीकडे २२.६ मिमी, डावीकडे २०.१. वाकणं बेव्हल प्रोट्रॅक्टरने: स्वतःहून ७५ अंश, दुसऱ्या हाताने दाबलं तर ८०, आणि तिथे घट्ट अडतं. डाव्या हाताचं तेच बोट १०५ पर्यंत जातं. सरळ करताना २० अंश कमी पडतात, दाबून १५. बायको म्हणते, बोट आहे की मशीनवर घडवायचा जॉब?

एरवी दुखत नाही. पण सकाळी गाडीला किक मारायच्या आधी पुढचा ब्रेक दाबून बघतो तेव्हा कळ येते. थंडी पडल्यापासून जास्तच. कोणी जोरात हात मिळवला की डोळ्यांत पाणी. खिशात हात घातला की तेवढं एक बोट बाहेर अडकतं. वरणभाताचा घास करताना बाकीची बोटं जवळ येतात, हे लांब उभं राहतं आणि वरण तिकडून ओघळतं. पाहुण्यांसमोर चमच्याने खातो, लोकांना वाटतं साहेब झाला.

कामावर खरी अडचण मायक्रोमीटरची, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या साधनाची. एका हाताने धरायचा तर फ्रेम अनामिका-करंगळीने तळव्यात दाबून ठेवावी लागते आणि अंगठा-तर्जनीने थिंबल, म्हणजे त्याची फिरती नळी, फिरवायचं. आता फ्रेम हलते. एका हातात जॉब असला की रीडिंगवर माझा मलाच भरवसा राहत नाही. टॅप हँडल (भोकात आटे पाडायचं) आणि फाइल चालवता येते, संध्याकाळी सूज वाढते एवढंच.

सल्ले भरपूर मिळालेत. एका ऑर्थोपेडिकनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. दुसरीकडे पीआरपीचं पॅकेज सांगितलं, म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातला भाग परत टोचायचा, तीन वेळा. तिसऱ्यांनी "सांधा उघडून मोकळा करू" म्हटलं, पण ते म्हणताना स्वतःच फारसे उत्साही दिसले नाहीत. आईला हाडवैद्याकडे जायचंय. शिवाय त्या बोटात पोवळ्याची अंगठी होती, ती आता सांध्यावरून चढत नाही, म्हणून सगळा दोष अंगठी उतरवण्याला.

नऊ महिन्यांनी अजून काही सुटण्यासारखं उरलंय का, की हे असंच धरून चालायचं? इंजेक्शन, पीआरपी, ऑपरेशन यातलं खरंच कशाने काय होतं? ज्यांचं स्वतःचं बोट असं झालंय त्यांनी सांगा.

---

नेटजवळचा_गडी

दादा, व्हॉलीबॉलमध्ये सेटर होतो. माझ्या दोन्ही हातांची बोटं बघितलीत तर तुमचं बोट सुंदर वाटेल. मधला सांधा एकदा निसटला की जाड राहतो तो राहतोच. माझी सूज पूर्ण बसायला वर्षाच्या वर गेलं आणि बसली म्हणजे काय, तर दुखायची थांबली. जाडी आहे तशीच आहे. त्यामुळे व्हर्नियरचा आकडा विसरा, वाकण्याचा धरा.

कामाच्या वेळी बोट शेजारच्या बोटाला टेपने बांधून बघा. टेप सांध्यावर नको, सांध्याच्या वर एक आणि खाली एक, म्हणजे बोट वाकतं पण आडवं जात नाही. मधे थोडा कापूस ठेवा, घामाने कातडी सोलते. मी करंगळी घेऊ नका म्हणेन, मधलं बोट घ्या. करंगळी आखूड असते, सांधे एका रेषेत येत नाहीत.

आणि एक सवय लागते, दर थोड्या वेळाने मूठ वळून "आज किती" बघायची. मला लागली होती. त्या बघण्यानेच सांधा चिडतो.

---

पेठेतला_एक

व्हर्नियरने स्वतःचं बोट मोजणारा माणूस प्रथमच पाहिला. लीस्ट काउंट कळवावा.

मस्करी बाजूला. शेवटचा एक्स-रे कधीचा आहे? फेब्रुवारी-मार्चचा असेल तर त्यावर आज इंजेक्शन-ऑपरेशनच्या गप्पा कशाला? आधी नवा काढा, आणि फक्त त्या बोटाचा, बरोबर बाजूने. पूर्ण पंजाचा काढला की बाजूच्या फोटोत चारही बोटं एकावर एक येतात आणि काही दिसत नाही.

---

मावळातला_पाटील

एवढं डोकं कशाला लावता. आमच्याकडे हाडवैद्य आहेत, पिढीजात. कोमट तेलाने मालिश करतात आणि एका झटक्यात सांधा मोकळा. माझ्या चुलत्याचा खांदा त्यांनीच बसवला. आईचं ऐका.

---

ओटी_ताई

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हातांच्याच पेशंटसोबत काम करते. बोट न बघता निदान करणार नाही. पण तुम्ही एक गोष्ट अशी दिलीय जी ओपीडीत दहा वेळा विचारूनही मिळत नाही: स्वतःहून किती आणि दाबून किती. ७५ आणि ८०. हे दोन आकडे जवळजवळ आहेत, याचा अर्थ बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, बहुतेक ठीक आहे. टेंडन तुटलेला किंवा चिकटलेला असता तर दुसऱ्या हाताने बोट छान वळलं असतं आणि स्वतःहून वळलं नसतं. तुमचा सांधाच आखडलाय. उपाय त्यावर ठरतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

या सांध्याला तळव्याच्या बाजूने एक जाड पडदा असतो, व्होलर प्लेट. बोट मागे चढतं तेव्हा तो फाटतो आणि बऱ्याचदा हाडाचा छोटा तुकडा सोबत घेऊन निघतो. तुमची कपची तीच. भरून येताना हा पडदा आखडतो आणि सांध्याला पूर्ण सरळ होऊ देत नाही. वाकणं कमी झालंय ते दोन्ही बाजूंच्या लिगामेंटमुळे आणि पाठीकडच्या आवरणामुळे, महिनाभर न हलवल्याने तेही आक्रसतात. बोटाचा मधला सांधा याबाबतीत फार मानी आहे, तीन आठवड्यांच्या पुढे गप्प ठेवला की रुसतो.

आता काही गोष्टी बघून सांगा. एक, मधला सांधा सरळ धरून फक्त टोकाचा सांधा वाकतो का? मधला वाकलेला आणि टोकाचा ताठ, मागे झुकलेला असं असेल तर प्रकरण वेगळं, तो पाठीवरच्या टेंडनचा मधला पट्टा तुटलेला असू शकतो आणि मग माझं वरचं सगळं बाजूला ठेवायचं. दोन, सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो, आणि दुसरे सांधे सुजतात का? अर्ध्या-पाऊण तासाच्या वर राहत असेल, इतर बोटंही सामील असतील, तर संधिवाताच्या रक्ततपासण्या आधी. मार लागल्याचं निमित्त होऊन जुना संधिवात उघड झालेले पेशंट मी पाहिलेत. आणि पेठेतल्या दादांचं बरोबर आहे, बाजूने काढलेला नवा एक्स-रे हवाच. सांधा अर्धवट निसटलेला राहिला असेल तर व्यायामाने तो बसत नाही, झिजतो.

हे सगळं ठीक निघालं असं धरून. नऊ महिन्यांत सूज आणि ताठरपणा दोन्ही अजून बदलू शकतात. या सांध्याला वर्ष लागणं नेहमीचं आहे. फक्त जोर नको, वेळ हवा. दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मग दुसऱ्या हाताने बोटाचं बुडाकडचं हाड घट्ट धरायचं आणि फक्त मधला सांधा वाकवायचा-सोडायचा. बुडाचं हाड धरलं नाही तर बोट मुळाच्या सांध्यातून वाकतं आणि आपल्याला वाटतं व्यायाम झाला. नंतर तासाभरात दुखणं शांत व्हायला हवं. दुसऱ्या सकाळी सूज जास्त दिसली तर आदल्या दिवशी जास्त केलं.

सरळ होण्याच्या २० अंशांसाठी स्प्लिंट. रात्री साधा, सांधा सोसेल तेवढाच सरळ धरून ठेवणारा. दिवसा काही तास स्प्रिंगचा, हळू ओढ देणारा. त्याने हललं नाही तर सीरियल कास्टिंग: बोटाभोवती प्लास्टरची छोटी नळी, सोसेल तेवढं सरळ करून, काही दिवसांनी काढायची आणि मिळालेल्या नव्या जागेवर पुन्हा घालायची. हाताचे सर्जन डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तमिळनाडूत वेल्लोरला आले आणि कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांवर त्यांनी जे काम केलं, त्यात हे प्लास्टर होतं. तेच आज जगभरच्या हँड थेरपीत शिकवतात. महाग यंत्र लागत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य.

सुजेसाठी स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी, नखाकडून तळव्याकडे, सैलसर. टोक निळं पडलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढायची.

स्टेरॉइडचं इंजेक्शन: आतली सूज आणि दुखणं काही काळ कमी होतं, आखडलेला पडदा त्याने लांबत नाही. तुम्हाला दुखण्यापेक्षा वाकण्याची तक्रार आहे, म्हणून मी ते पहिलं घेणार नाही. पीआरपीवर बोटाच्या सांध्यासाठी पैसे घालवावेत इतका पुरावा माझ्या वाचनात नाही. सांधा मोकळा करायचं ऑपरेशन खूप वाकडेपणा असेल आणि काही महिने नीट थेरपी करूनही हललं नसेल तेव्हा. टेबलावर मिळालेलं वळण पुढच्या आठवड्यांत बरंच परत जातं, टिकवायचं तर काही दिवसांतच व्यायाम सुरू करावे लागतात, दुखत असताना. ते डॉक्टर उत्साही दिसले नाहीत याचा मला तरी त्यांच्याबद्दल आदरच वाटला. सांधा पुरता झिजला तर दोन रस्ते असतात. एक, कायमचा जोडून टाकणं, अनामिकेसाठी साधारण ५० अंशांत वाकवून. दुसरा, सिलिकॉनचा सांधा. तुम्ही त्याच्या आसपासही नाही.

पूर्ण १०५ मिळतील असं म्हणणार नाही. ९०च्या आसपास आलात तर घास आणि मायक्रोमीटर दोन्ही जमतील, तेवढं धरून तीन महिने द्या. मोजणं आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, सकाळी नको. आम्ही ज्याने मोजतो त्याला गोनिओमीटर म्हणतात, पण तुमचा प्रोट्रॅक्टर जास्त अचूक असणार.

पाटील दादा, तेल लावून हलकं चोळण्याला माझी ना नाही, कातडी मऊ राहते, बरं वाटतं. झटका नको. आखडलेला पडदा झटक्याने फाटतो आणि भरताना आणखी आखडतो. ज्या सांध्याला आधीच कपची निघालीय तिथे तर मुळीच नको.

---

पेटीवाली_कोथरूड

माझं मधलं बोट, उजवंच. लोखंडी फाटकात चेंगरलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. भजनी मंडळात पेटी वाजवते. इंजेक्शन घेतलेलं आहे म्हणून लिहिते. दुखणं छान थांबलं, काही महिने. वाकणं होतं तेवढंच राहिलं, ताई म्हणतात तसंच. मला मधुमेह आहे, इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. टोचल्या जागी कातडीवर फिकट डाग पडला, तो अजून आहे. तुम्हाला साखर असेल तर आधी सांगा, विचारत नाहीत सगळे.

ऑपरेशन मी नाही केलं. बोट जिथे पोचत नाही तिथे बोटं बदलली. मध्यमेचं काम अनामिकेला दिलं. सुरुवातीला हात मूर्खासारखा चालतो, मग तोच चालतो. तुमच्याकडे मायक्रोमीटर धरायचा स्टँड मिळत नाही का? आमच्या ह्यांच्या कारखान्यात होता.

अंगठीचं म्हणाल तर आईंना सांगा सराफाकडून घेर वाढवून घेऊ, पण सूज बसल्यावर. आत्ता वाढवली तर नंतर सैल होऊन पडेल आणि मग पोवळं हरवल्याचा दोष वेगळा.

---

भोसरीकर_फिटर

ताई, मनापासून आभार. टोकाचा सांधा वेगळा धरून बघितला, व्यवस्थित वाकतो, डाव्याइतकाच. आखडलेपणा सकाळी चहा होईपर्यंत, त्याच्या पुढे नाही. दुसरं काही सुजत नाही. साखर नाही. एक्स-रे उद्या-परवा काढतो. पेठेतल्या भाऊंना: ०.०२ मिमी.

स्टँड आहे हो काकू, स्टोअरला पडलाय. तो वापरणं आमच्यात शिकाऊ पोराचं काम समजतात, म्हणून कोणी हात लावत नाही. आता लावतो.

बुडाचं हाड धरून वाकवायचं कोणीच दाखवलं नव्हतं. काल करून बघितलं तर लक्षात आलं, इतके महिने मी भलताच सांधा वाकवत होतो.

दोन अडचणी. प्लास्टरची नळी घातली तर कामावर कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी-तेल) लागणार, दिवसातून दहा वेळा हात ओला. आणि लेथ-ड्रिलजवळ हातमोजे आम्हाला बंद आहेत. मग हा स्प्रिंगचा स्प्लिंट आणि वेल्क्रोचे पट्टे चालतील का? हँड थेरपिस्ट पुण्यात शोधायचा कसा तेही सांगा. फिजिओ म्हणून गेलो तर मशीनचा शेक देऊन पाठवतात.

---

निवृत्त_टर्नर

आयुष्य लेथवर गेलं, म्हणून भाऊला त्याच्याच भाषेत. टॅप मारताना अर्धा फेरा पुढे, पाव मागे. नेट लावलास तर टॅप जॉबमध्ये तुटतो आणि जॉब पण जातो. बोटाचं तसंच कर.

स्पिंडल फिरत असताना बोटावर लोंबणारं काही नको. पट्टा, सुटलेली टेप, काहीच नाही. ताई काहीही म्हणोत.

---

ओटी_ताई

ताई पण तेच म्हणतात, काका. फिरत्या मशीनजवळ स्प्लिंट नाही, वेल्क्रो नाही. टेपसुद्धा नको, अडकलं तर एकाऐवजी दोन बोटं जातील. टेप बाकावरच्या कामाला, फाइल आणि टॅपिंगला ठीक.

तुमचं वेळापत्रक असं बसेल. कामावरून आल्यावर कोमट पाणी आणि व्यायाम, मग जेवणापर्यंत स्प्रिंगचा, झोपताना रात्रीचा. रात्रीचा स्प्लिंट गरम पाण्यात मऊ करून तुमच्याच बोटावर घडवतात, तयार मापाचा घेऊ नका. प्लास्टर कूलंटमध्ये टिकत नाही आणि आत ओल राहिली की कातडी कुजते, त्यामुळे ते सलग रजा मिळेल तेव्हाच. आधी सहा आठवडे स्प्लिंटवर काय मिळतं बघू. २० चे १० झाले तर प्लास्टर लागणारही नाही.

शोधताना आधी हँड सर्जन गाठा. ते ऑर्थोपेडिकमधून किंवा प्लास्टिक सर्जरीतून आलेले असतात, ससूनला हे दोन्ही विभाग आहेत. मोठ्या खासगी हॉस्पिटलातही विचारा. त्यांच्याकडून थेरपीची चिठ्ठी घ्या. थेरपिस्टकडे गेल्यावर पहिला प्रश्न विचारा, "स्प्लिंट तुम्ही स्वतः बनवता का?" हो म्हणाले तर बसा. एक्स-रेची फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको, आणि तुमची मोजमापांची वहीही न्या.